तिहाईचा हिशेब आणि कोणती एपीएल ठेवायची

वाचन पुरे, आता एक खरं काम घ्यायचं आणि तेच सगळ्या एपीएलांवर, म्हणजे आकड्यांच्या अख्ख्या याद्या आणि तक्ते (अ‍ॅरे) चिन्हांनी एकदम हाताळणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांवर, चालवून बघायचं, असं ठरवलं होतं. काम हाताशीच होतं. इथे ग्वाल्हेरला, लष्कर या भागात, मी तबला शिकतो. अ‍ॅरे भाषेला तिहाईच्या हिशेबाइतकं शोभणारं काम मला तरी दुसरं माहीत नाही.

तबल्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तिहाई म्हणजे बोलांचा एक तुकडा, म्हणजे पल्ला, तीनदा वाजवायचा. दोन पल्ल्यांमधल्या थांब्याला दम म्हणतात. तो असेल तर तिहाई दमदार, नसेल तर बेदम. तिसऱ्या पल्ल्याचा शेवटचा बोल नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), पडायला हवा. समेपासून उठलो तर एकूण लांबी म्हणजे पल्ल्याची तिप्पट अधिक दमाची दुप्पट, आणि तिला तालाच्या मात्रांनी भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. तीनतालाच्या मात्रा १६. पल्ला १ ते १६ आणि दम ० ते ८ घेऊन सगळ्या जोड्या एकदम तपासायच्या:

+/,1=16|(3×⍳16)∘.+2×0,⍳8

उजवीकडून वाचत या. दमांची यादी दुप्पट केली, पल्ल्यांची तिप्पट, दोन्हींच्या बेरजांचा १६ ओळी आणि ९ स्तंभांचा तक्ता मांडला, १६ ने भागून बाकी काढली, ती १ आहे का पाहिलं आणि होकार मोजले. उत्तर ९. लूप कुठेच नाही. शेवटची मोजणी काढून नुसता तक्ता छापला तर एक ओळ सोडून एक पूर्ण शून्यांची दिसते, कारण सम संख्येचा पल्ला समेवर येऊच शकत नाही. बेदम तिहाई एकच, ११ मात्रांच्या पल्ल्याची: ११ त्रिक ३३, म्हणजे दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) आणि सम.

पहिल्यांदा डायलॉग. १९८३ पासून चालत आलेली, हौशी वापराला फुकट. राइड नावाच्या तिच्या खिडकीत बॅकटिक (`) दाबून पुढची कळ दाबली की चिन्ह उमटतं, त्यामुळे हात लवकर बसतो. इथे ⍸ हे चिन्ह तयार आहे: तक्त्यात एक कुठे कुठे आहेत त्या जागांच्या जोड्या सरळ हातात देतं. फक्त मोजणी १ पासून आणि आपला दम ० पासून, म्हणून ११ व १ ही जोडी आली तर पल्ला ११ आणि दम शून्य असं वाचायचं.

ग्नू एपीएल मी स्रोतावरून बांधली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, एवढंच; मात्र जुन्या लॅपटॉपवर सी++ चा हा डोंगर बराच वेळ चालतो, तेवढ्यात तबल्याचा एक कायदा घोटून होतो. लिनक्सच्या की-बोर्ड लेआउटांत एपीएलचा लेआउट आधीच असतो, तो जोडून घ्या. वरची ओळ इथे जशीच्या तशी चालली. अडलं ते ट्रेनपाशी, म्हणजे क्रिया नुसत्या एकापुढे एक ठेवून नवी क्रिया बनवण्यापाशी. लय किती स्थिर राहते हे बघायला मी ठोक्यांमधल्या अंतरांची सरासरी काढतो, आणि डायलॉगमध्ये तिला (+⌿÷≢) एवढंच पुरतं. ग्नूमध्ये ट्रेन नाहीत. महिरपी कंसात पूर्ण लिहून द्यावं लागतं. तरीही मुक्त सॉफ्टवेअर म्हणून आणि टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवायला ती मला आवडते, काढून टाकणार नाही.

जे ही एपीएलचे जनक केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर ह्यूई यांची १९९० ची. साध्या की-बोर्डावरच्या चिन्हांत सगळं बसवलेलं, म्हणून फॉन्टची कटकट शून्य. सरासरी होते (+/ % #). अँड्रॉइडवरही चालते, त्यामुळे क्लासला जाताना तीच खिशात असते. मला खटकतं ते एकच: +/ एका बाजूला यादी असली की बेरीज करतं आणि दोन बाजूंना असल्या की तक्ता मांडतं. सवय होते, पण गुरुबंधूला समजावताना तिथेच थांबावं लागतं.

आणि बीक्यूएन. मार्शल लॉखबाम यांनी २०२० मध्ये आणली. तिचं सी मधलं रूप, सीबीक्यूएन, मेक म्हटलं की बघता बघता तयार होतं. तिहाई अशी दिसते:

+´⥊1=16|(3×1+↕16)+⌜2×↕9

बेरजेची घडी (यादीची एकच बेरीज) आणि बेरजेचा तक्ता यांची चिन्हं इथे वेगळी, म्हणून जेमधला तो घोळ मिटला. एका क्रियेवर बसणारे बदलक (क्रियेचं वागणं बदलणारी चिन्हं) वर टांगलेले, दोहोंना जोडणाऱ्यांत एक गोल; नुसतं बघून कोण काय आहे ते कळतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. मोजणी मात्र ० पासूनच, बदलता येत नाही. तबलजी समेला एक म्हणतो, त्यामुळे पल्ल्याला १ मिळवावा लागतो. दमाला मात्र ते ↕9 अगदी नेमकं बसतं.

के आणि उइउआ या आणखी दोन अ‍ॅरे भाषा नुसत्या चाखल्या. उइउआ २०२३ ची, रस्टमध्ये लिहिलेली, स्टॅकवर चालणारी. तिच्यावर पुढे लिहीन.

खरा आनंद १२ मात्रांच्या एकतालात मिळाला. १६ च्या जागी १२ घातले, पल्लेही १ ते १२ केले, आणि तक्त्यात फक्त तीनच स्तंभांत एक उमटले: दम २, ५ आणि ८. बाकी सहा स्तंभ कोरे. कारण उघड आहे: १२ ला ३ ने भाग जातो, पल्ल्याच्या तिपटीलाही जातो, तेव्हा बाकी १ आणायची जबाबदारी एकट्या दमावर येते. म्हणजे समेपासून समेपर्यंत, पूर्ण मात्रांत, एकतालात बेदम तिहाई नाहीच. गुरुजींना कागदावर तक्ता दाखवला. त्यांनी बोटांवर ३ चा पल्ला आणि २ चा दम मोजला, १३ व्या मात्रेवर मांडीवर थाप दिली आणि म्हणाले, "आता झपतालाचा काढ."

तर सध्याची मांडणी अशी: विचार करायला डायलॉग, रोजच्या स्क्रिप्टांना सीबीक्यूएन, फोनवर जे. नव्याने येणाऱ्याला मी डायलॉगच सुचवेन. शिकण्याचं साहित्य तिच्याभोवती सगळ्यात भरपूर आहे. पण आपली एक ओळ घेऊन ती किमान दोघींवर चालवून बघाच, चिन्हं कुठे सोपी पडतात ते त्याशिवाय उमगत नाही.

१० मात्रांच्या झपतालाचं उत्तर, पल्ला १ ते १० आणि दम ० ते ५ धरून, ६ आलं. आता चक्रदार घेतोय, म्हणजे आख्खी तिहाईच तीनदा. तक्त्याला तिसरी मिती लागते, आणि बदल एवढाच:

+/,1=16|(3×(3×⍳16)∘.+2×0,⍳8)∘.+2×0,⍳8

१२९६ खणांतून ८१ जुळतात. यातल्या कोणत्या हातात बसतात ते वाजवून बघणं चालू आहे. जमलेल्या पुढच्या नोंदीत बोलांसकट देतो.