कंस कुठे संपतो?

हाताने लिहिलेल्या सात-बारावर नाव खोडत नसत. खातेदार मयत झाला किंवा जमीन विकली गेली, की त्याच्या नावाला कंस करायचा, खाली नवं नाव लिहायचं आणि शेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक, वर्तुळात टाकायचा. तलाठी म्हणून रुजू झाल्यावर ज्येष्ठांनी आधी शिकवलं ते हेच. दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. तेव्हा कंसातली नावं गाळून चालू नावं नव्या पानावर उतरवायची. माझं पहिलं पुनर्लेखन मंडळ अधिकाऱ्यांनी तपासून सही केली, त्या दिवशी आपण खरे तलाठी झालो असं वाटलं. नोकरीतला तो टप्पा मला बढतीपेक्षा मोठा वाटतो.

पुढे दप्तराची जागा लॅपटॉपने घेतली. संगणकीकृत उतारे बिनचूक व्हावेत म्हणून 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. त्यातलाच एक दिवस.

एका गटाचं वाचन झालं. क्षेत्र 1 हेक्टर 62 आर, खातेदार दोन भाऊ. मागून साठीच्या एक आक्का उठल्या. "भाऊसाहेब, माझं नाव वाचलंच नाही." थोरला भाऊ लगेच म्हणाला, "हिचं नाव होतं की वो, वडील गेले तवाच लागलंय." घरातच वाद असता तर प्रकरण कितीतरी लांबलं असतं.

जुना उतारा काढला. वडिलांच्या वारस फेरफाराने चार नावं लागली होती: दोन मुलगे, त्यांची आई आणि सर्वांत खाली मुलगी. काही वर्षांनी आई वारली आणि तिच्या नावाला कंस झाला. पण ओळी दाट होत्या. कंसाची शेवटची रेघ घसरून खालच्या ओळीच्या निम्म्यापर्यंत आली होती. डेटा भरणाऱ्याने दोन्ही नावं कंसात धरली आणि आईबरोबर मुलगीही गेली.

खात्री पानावरून करायची नसते, गाव नमुना 6 वरून, म्हणजे फेरफार नोंदवहीवरून करायची असते. वर्तुळातला क्रमांक घेऊन ती नोंदवही उघडली. नोंद स्वच्छ होती: आई मयत, वारस पूर्वीच दाखल, सबब नाव कमी. मुलीच्या हक्कसोडीचा कुठे उल्लेख नव्हता.

मग ही चूक संगणकाने का पकडली नाही? प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं असतं तर एक नाव गळताच बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली नसती आणि उतारा मेळ न बसणाऱ्यांच्या यादीत आला असता. इथे क्षेत्र सामाईक होतं. चार नावं असोत की दोन, बेरीज तीच. म्हणून सामाईक खात्यांवर माझी नजर आजही जास्त वेळ थांबते. बहिणींची नावं बऱ्याचदा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलेली असतात. तिथे तर बेरजेचा प्रश्नच येत नाही, नाव गळलं तर गळलं.

जुन्या उताऱ्याची आणि फेरफाराची नक्कल जोडून अहवाल दिला. भावांना नोटीस गेली, त्यांचे जबाब झाले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होते, तसा तहसीलदारांचा आदेश झाला आणि नाव परत लागलं. हे कलम फक्त लिहिण्यातल्या चुकीसाठी आहे. हक्काचाच वाद असेल तर त्याने काम भागत नाही, हे अर्जदाराला पहिल्याच भेटीत सांगावं. नाहीतर वर्ष फुकट जातं.

त्यानंतर 2018 मध्ये डिजिटल सहीचे उतारे आले, 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली. दोन्हींमुळे शेतकऱ्यांचे हेलपाटे वाचले, याचा मला मनापासून आनंद आहे. नव्याने रुजू झालेली मुलं स्क्रीनवर माझ्यापेक्षा चपळ आहेत. त्यांना मी एकच गोष्ट हाताला धरून शिकवतो: जुना उतारा उजेडात धरा, प्रत्येक कंस कुठे उघडतो आणि कुठे मिटतो ते बोट ठेवून बघा, आणि वर्तुळातला प्रत्येक क्रमांक नमुना 6 मध्ये उघडून वाचा.