कॅलेंडरात महिने सुटे का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विद्यार्थ्यांसाठी केलेलं माझं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: "यात आठवडे सलग का? महिना कुठे संपतो तेच कळत नाही."

पहिल्या खेपेला महिने सुटेच होते. बारा पानं, पांढरीशुभ्र, आकडे बारीक आणि फिकट राखाडी. स्क्रीनवर फार देखणं दिसलं. भिंतीवर लावलं, समोरच्या पलंगावर जाऊन बसले, तर १ कुठला आणि ९ कुठला ते कळेना. रेघ बारीक आणि फिकट असली की आकड्याची गाठ लांबून दिसतच नाही. वारांचं एकेक अक्षर ठेवायची हौस होती, ती शुक्रवार-शनिवारवर अडली. शु आणि श, फरक एका उकाराचा.

हे सगळं एका संध्याकाळीत दुरुस्त झालं. खरी चूक दाखवली भाच्याने. त्याचा पेपर पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला होता. त्याने ती पुढच्या पानावर जाऊन लिहिलीही होती. पण डोळ्यांसमोर असायचं चालू पान, आणि त्यावर सगळं निवांत. १ तारखेला पान उलटलं तेव्हा तीन दिवस उरले होते.

आजची तारीख फोन सांगतो. अभ्यास करणाऱ्याला भिंतीकडून एवढंच हवं असतं, की किती दिवस उरलेत. आणि ते मोजताना महिन्याची चौकट नेमकी आडवी येते.

मांडणीच्या अंगानेही ती त्रासदायकच. २०२६ घ्या. रविवारपासून मांडलात तर फेब्रुवारी बरोब्बर चार ओळींत बसतो आणि ऑगस्टला सहा लागतात. मग एक तर बाकीच्या पानांवर ओळी रिकाम्या सोडा, नाहीतर ऑगस्टात २३/३० आणि २४/३१ एकाच घरात कोंबा. त्या अर्ध्या घरात कोणी काय लिहायचं?

म्हणून आता ए-३ आकाराच्या उभ्या कागदावर अर्धं वर्ष, आठवड्याखाली आठवडा. २६-२७ ओळी होतात. समास सोडून एका दिवसाला साधारण ३८ मिमी रुंदी आणि १४ मिमी उंची मिळते, म्हणजे पेन्सिलीने 'गणित सराव' लिहिण्याइतकी. महिना बदलतो तिथे पायरीसारखी एक बारीक रेघ आणि १ तारखेच्या घरात महिन्याचं नाव. बस.

आकडा कोपऱ्यात का, हेही विचारतात. ग्राफिक डिझायनर मासिमो विन्येल्ली यांचं १९६६चं स्टेंडिग कॅलेंडर मला अतिशय आवडतं. हेल्व्हेटिका या टाइपातले भलेथोरले आकडे, सगळं पान व्यापणारे. पण ते बघायचं कॅलेंडर आहे. माझ्या कॅलेंडरात घर त्याच्या मालकासाठी मोकळं हवं, त्यामुळे आकडा ठळक पण ५ मिमीचा, डाव्या कोपऱ्यात. (उरलेल्या जागेत सुविचार छापा, असं सुचवणारेही भेटतात. मी हसून विषय बदलते.)

कागदाबाबत मात्र मी हट्टी आहे. चकचकीत आर्ट पेपरवर छपाई खुलते, पण पेन्सिल घसरते आणि जेल पेनची शाई हाताला लागून फरफटते. साधा जाड मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद घ्या. परीक्षांच्या तारखा पुढे-मागे होतात, खोडता आलंच पाहिजे.

भाचा आता रोज फुली मारत नाही. पेपरच्या घराभोवती पेन्सिलीने गोल करतो आणि येता-जाता ओळी मोजतो. परवा विचारलं, "पेपर कधी रे?" मान वर न करता म्हणाला, "मावशी, दोन ओळी. एक घर कमी."