तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिव्याला दोन बटणं कशाला?

आमच्याकडे दिव्यांच्या स्विचला एकाखाली एक दोन बटणं आहेत, वरचं दाबलं की दिवा चालू, खालचं दाबलं की बंद. घरी पहिल्यांदा येणारे निम्मे लोक विचारतात, "ही डोअरबेल आहे का?" उरलेले दाबून बघतात आणि मग विचारतात, "एवढे पैसे घालून जुनी बटणं कशाला बसवलीस?" मी इतकी वर्षं हसून "आवडली म्हणून" सांगत आले, त्यावर लोक "हौस आहे बुवा" म्हणतात, आणि त्या "बुवा"मध्ये जे काही असतं ना, ते ऐकून ऐकून आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे ती जुनी नाहीत. जुन्या पद्धतीची आहेत, पण नवी कोरी, यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेली, 15 अँपिअर, 120 व्होल्ट. खरी जुनी पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, पण शंभर वर्षं झिजलेल्या स्प्रिंगच्या भरवशावर मी घर सोडून ऑफिसला जाणार नाही. एवढी वेडी नाहीये मी.

दुसरं, स्विच तर बदलायचेच होते. आमचं घर 1924 चं, शिकागोजवळ बर्विन आहे ना, तिथे ओळीने विटांची बैठी घरं आहेत त्यातलं. भिंतीतल्या तारांना रबर आणि वर कापडाचं वेष्टण, हात लावला की भुगा. इलेक्ट्रिशियन म्हणाला सगळ्या काढा. शिकागोच्या बाजूला तारा लोखंडी पाइपातूनच नेण्याचा नियम आहे, त्यामुळे जुन्या पाइपांतून नव्या तारा ओढल्या, प्लास्टर फोडावं लागलं नाही, अर्थिंगही त्या पाइपामुळेच मिळालं. म्हणजे प्रश्न "बदलायचे का" असा नव्हताच, "कुठले बसवायचे" एवढाच होता. आणि आधीच्या मालकाने घर विकायच्या नादात खिडक्या, दारं, कड्या सगळं उपटून प्लास्टिकचं केलं होतं, फक्त माळ्यावरच्या खोलीत रंगाच्या थराखाली एक पितळी प्लेट राहून गेली होती. रंग खरवडला तर वरच्या बटणात शिंपल्याचा पांढरा ठिपका निघाला. तो शोभेचा नाही, चालू करायचं बटण कुठलं ते अंधुक उजेडातही कळावं म्हणून आहे. वरखाली करायचा टॉगल 1916-17 च्या सुमाराला न्यूटन नावाच्या माणसाने अमेरिकेत आणला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं घरांमध्ये ही दोन बटणंच बसत होती. तेव्हा आमच्या घराला ती शोभतात की नाही हा वाद माझ्याशी घालू नका.

पैशांचं म्हणाल तर साधा टॉगल दीड-दोन डॉलरला येतो, हा दोन बटणांचा तीस डॉलरच्या आसपास, पितळी प्लेट वेगळी. महाग आहेच. पण ज्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याला काही हजार डॉलर घातलेत ते मला स्विचच्या किमतीवरून बोलतात तेव्हा गंमत वाटते. ओट्यावर निम्मा वेळ मिक्सर आणि डबे असतात. बटणाला मी रोज हात लावते, आणि दाबलं की आतली स्प्रिंग एका झटक्यात संपर्क तोडते, ठिणगीला लांबायला वेळच मिळू नये म्हणून, त्याचा जो आवाज येतो तो कॅरमची सोंगटी कडेला आपटल्यासारखा. एक बटण आत, दुसरं बाहेर. न बघता बोटाला कळतं दिवा चालू आहे की बंद. (जिन्यातले सोडून. तिथे वरून खालून दोन्हीकडून चालतो, त्यामुळे वरचं म्हणजे चालू हा नियम तिथे लागू नाही, आणि सगळे पाहुणे तिथेच गोंधळतात. मान्य.)

आता ज्यावरून घरात खरं वाजलं ते.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी हिवाळाभर आमच्याकडे होत्या. येताना पितांबरी घेऊन आल्या होत्या, देवाच्या भांड्यांसाठी. आठवड्याभरात घरातल्या सगळ्या प्लेटा चकाचक. मी मुद्दाम लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) नसलेलं पितळ घेतलेलं, हळूहळू काळवंडावं म्हणून, आणि सासूबाईंनी ते देवघरासारखं केलं. मी काही बोलले नाही. मग डिसेंबरमध्ये स्वयंपाकघरातल्या प्लेटवर रोज कणीक दिसायला लागली. आणि बारीक बारीक चरे. दोन-चार दिवस पुसलं, मग एकदा सकाळी म्हटलं, "आई, हात धुऊन लावत जा ना दिवा." सूर बरा नव्हता माझा. त्या म्हणाल्या, "हात धुतलेलेच असतात गं. अंगठ्याने दाबवत नाही मला, सांधा धरलाय. लाटण्याने दाबते."

लाटण्याने. इथे सकाळी सात वाजेपर्यंत अंधार असतो, आणि ही बाई साडेपाचला उठून लाटणं शोधून दिवा लावत होती. बाथरूममधला तर रात्रभर चालूच ठेवायची, मला वाटायचं विसरतात. नवरा चहा घेत होता, तो कप खाली ठेवून म्हणाला, "हे घर आहे की म्युझियम?" मी म्हटलं, तुझी आई, तुला माहीत नव्हतं सांधा धरलाय ते? तर तो गप्प, कारण नव्हतंच माहीत. मग आम्ही दोघं भांडलो आणि आई म्हणत राहिल्या, "माझ्यापायी भिंत उकरू नका, मार्चमध्ये मी जाणारच आहे."

मी त्याच शनिवारी बाथरूमला रॉकर बसवून घेतला, पांढरा, रुंद, कोपराने दाबला तरी लागतो. स्वयंपाकघरातला बदलायला गेले तर आईंनी हट्टाने बदलू दिला नाही. का ते मला आजही नीट कळलेलं नाही. माझं मन राखायला असेल, किंवा मला रोज ते लाटणं दिसावं म्हणूनही असेल, त्या काही इतक्या साध्या नाहीत.

पण म्हणून ही बटणं निवडणंच चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचा सांधा दुखतो त्याच्यासाठी ती वाईट आहेत, हे खरं. आजच्या मोठ्या रॉकरपुढे सोयीच्या बाबतीत ती हरतात, हेही खरं. घरात वयस्कर माणूस असेल तर मी स्वतःच कुणाला घ्या म्हणून सांगणार नाही. तरी मला हवी आहेत.

आणि सगळ्यात जास्त टोचतो तो माझ्या भावाचा प्रश्न. "पुण्यात आपल्याकडे लाकडी बोर्डावर काळी गोल बटणं होती, ती काढून मॉड्युलर बसवा म्हणून आईबाबांच्या मागे कोण लागलं होतं?" मीच. त्यातल्या एका बटणाला शॉक लागायचा, आणि मैत्रिणी यायच्या तेव्हा लाज वाटायची. तेव्हाची मी आत्ता इथे आली तर म्हणेल, गोऱ्यांच्या आजोबांची बटणं गोड वाटतात आणि आपल्या आजोबांची भंगारात? मी तिला सांगते की त्या बोर्डामागे उघड्या तारा होत्या. ती म्हणते, तारा बदलून बटणं ठेवता आली असती की, इथे तेच केलंस ना? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडे तेव्हा पैसे नव्हते आणि हे सुचतही नव्हतं, एवढंच म्हणता येईल.

बाकी ज्यांना खरंच बसवायची आहेत त्यांच्यासाठी: आधी भिंतीतला बॉक्स किती खोल आहे ते मोजा, हे स्विच पाठीमागे जाड असतात, उथळ बॉक्समध्ये तारांसकट मावत नाहीत. काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. सासूबाई पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतायत, स्वयंपाकघराचा रॉकर आणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, नवरा म्हणतो त्या यायच्या आधी बसव, मी म्हणते त्यांना विचारून बसवू.