धरणाच्या जिवावर उभं राहिलेलं जुगाराचं गाव

लास वेगासला जायची हौस माझी होती, ह्यांची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला लेकीकडे होतो. जावयांचं वेगासला कंपनीचं कसलंसं प्रदर्शन होतं आणि ते गाडीनेच निघाले होते. लेक म्हणाली, "आई, तू आणि बाबा पण जा, तुमची खोली वेगळी बुक करते." ह्यांनी लगेच नाक मुरडलं. जुगाराच्या गावात आपलं काय काम? मी फोनवर नकाशा काढून पुढे धरला. रस्त्यात कोलोरॅडो नदीवरचं हूव्हर धरण लागत होतं. बॅग माझ्याआधी ह्यांची भरून तयार.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. माझा संसार धरणांच्या वसाहतींत झाला, आधी कोयनानगर, मग उजनीचं भीमानगर. कोयनेत वीज तयार होते आणि वसाहतीतली वीज जाते, असा तो काळ. दिवे गेले की आम्ही बायका कंदिलाभोवती रमीचा डाव टाकायचो. पत्ते मी तिथे शिकले, त्यामुळे वेगासचा हट्ट.

धरण पाहून मात्र मीही गप्प झाले. ७२६ फूट उंच भिंत, काळ्याकुट्ट दोन कड्यांच्या मध्ये दाबून बसवलेली. वरच्या अंगाला लेक मीड, आणि त्याच्या काठच्या खडकांवर पांढराफटक पट्टा, पाणी पूर्वी कुठवर होतं ते दाखवणारा. २०२२च्या उन्हाळ्यात हे तळं १९३७नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेलं होतं. हे कठड्याला टेकून तोंडातल्या तोंडात आकडेमोड करत होते. तळं पूर्ण भरलं तर हजार टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, म्हणजे आपल्या दहा कोयना. आणि नदीच्या पाण्यातलं नेवाडाच्या, म्हणजे वेगासच्या राज्याच्या, वाट्याला किती? वर्षाला तीन लाख एकर-फूट, सुमारे १३ टीएमसी. १९२८च्या कायद्याने ठरलेला वाटा. कॅलिफोर्नियाला त्याच वाटपात ४४ लाख एकर-फूट. "तेव्हा इथे माणसंच नव्हती, मागणार कोण!" हे म्हणाले. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाचे कागद वाहण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना परक्या राज्याबद्दलही वाईट वाटतं.

धरण नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर आहे. त्यावर पाणी आत घेणारे उंच मनोरे आहेत. त्यांतल्या एकावर नेवाडाची वेळ दाखवणारं घड्याळ, दुसऱ्यावर ॲरिझोनाची. नेवाडात उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, ॲरिझोनात करत नाहीत, म्हणून आम्ही गेलो त्या एप्रिलमध्ये दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती. जवळच पंख उभारलेले ब्रॉंझचे दोन पुतळे आहेत. त्यांच्या पायाची बोटं चोळली की नशीब उघडतं म्हणे. बोटं लोकांच्या हातांनी घासून पिवळी चकचकीत झालीत. मी दोघांचीही चोळली. हे दुसरीकडे बघत उभे राहिले.

तिथून पुढे बोल्डर सिटी लागतं. सरकारने धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव, म्हणजे त्यांचं कोयनानगरच. तिथे जुगाराला बंदी होती आणि ती आजही आहे. गंमत अशी, की नेवाडात जुगार कायदेशीर झाला १९३१मध्ये आणि धरणाचं काम सुरू झालं तेही १९३१मध्येच. वसाहतीत काही करता येत नाही, हातात पगार आहे, आणि तासाभराच्या आत वेगास. पगाराच्या संध्याकाळी काय होत असेल ते मला कुणी सांगायला नको. वेगास म्हटलं की सगळे गुंडटोळ्यांच्या गोष्टी सांगतात, त्या खऱ्याही आहेत, पण मला वाटतं वेगासचं खरं भांडवल धरणाचं. आधी मजुरांचा पगार, मग वीज, मग पाणी.

(आपल्याकडेही १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? अमलात कधी आलाच नाही, २०२३मध्ये रद्द केला. म्हणून आपली मंडळी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जातात.)

हॉटेलात पोचल्यावर खोलीकडे जायला आख्खा कॅसिनो ओलांडावा लागतो. खिडकी नाही, घड्याळ नाही, सिगारेटचा वास, आणि नक्षीचा असा भडक गालिचा की नजर ठरत नाही. भाड्याच्या वर 'रिसॉर्ट फी' म्हणून रोजचे वेगळे पैसे. ते वाचून ह्यांनी काउंटरवरच्या मुलीला पाच मिनिटं प्रश्न विचारले. ती हसत राहिली, फी तेवढीच राहिली.

खेळायला आम्ही फ्रीमाँट स्ट्रीटला गेलो. हे जुनं वेगास. दिमाखाची 'स्ट्रिप', म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंचा रस्ता, बहुतेक सगळी शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या भागात मोडते. ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी कापडावर काय छापलंय ते वाचायचं, हे जावयांनी पढवलं होतं. '३ टू २' असेल तर दहा डॉलरवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एकवीस) लागल्यास पंधरा मिळतात, '६ टू ५' असेल तर बाराच. खेळ तोच, पत्ते तेच, आणि तीन डॉलर बसल्या जागी गेले. रूलेटचंही, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाचंही, तसंच. एक शून्य असलेल्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६, आणि आता तीन शून्यांची चाकंही आलीत. लोक त्यांच्याभोवतीही गर्दी करून होते.

मला सगळ्यात जड गेलं ते हे, की पत्त्यांना हात लावायचा नाही. पानं उघडीच वाटतात. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर तळहात हलवायचा. वर कॅमेरे असतात, तोंडी सांगितलेलं चालत नाही. पैसेही डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. हातात तेरा पानांचा पंखा धरायची सवय असलेल्या बाईला हे म्हणजे ताट समोर आणि हात मागे बांधलेले. तरी लेकीने खेळायला दिलेल्या शंभर डॉलरपैकी चाळीस परत घेऊन उठले. हे मागे उभे राहून म्हणाले, "साठ गेले." मी म्हटलं, "अहो, नाटकाची दोन तिकिटं समजा."

स्ट्रिपवर हॉटेलातलं नकली व्हेनिस पाहिलं. छतावर रंगवलेलं आकाश, खाली कालवा, त्यात नाव वल्हवत गाणारा माणूस. ठीक आहे. मला त्याहून सीझर्स पॅलेसबाहेरचा चतुर्मुख ब्रह्मदेव आवडला. बँकॉकच्या एरावण देवळातल्या मूर्तीची प्रतिकृती, १९८४पासून इथे आहे. पुढ्यात फुलं, उदबत्त्या, संत्री. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देऊळ शोधावं लागतं आणि इथे तो कॅसिनोच्या अंगणात. ह्यांनीही हात जोडले.

रात्री बेलाजिओ हॉटेलपुढची कारंजी. साडेआठ एकरांचं तळं, हजारावर नळ्या, गाण्यावर नाचणारं पाणी. आजूबाजूची जोडपी एकमेकांना बिलगलेली आणि हे मला बाष्पीभवन समजावत होते. वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडणाऱ्या गावात हे! पण दुसऱ्या दिवशी कुठूनसं वाचून त्यांचा सूर बदलला. कारंज्यांचं पाणी तिथल्याच विहिरीचं आहे, जुन्या गोल्फ मैदानासाठी खोदलेल्या. आणि वेगासात इमारतींच्या आत वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्ये सोडतात. जेवढं परत केलं तेवढं वाट्याच्या वर पुन्हा उचलता येतं. खरा बंदोबस्त हिरवळीचा आहे. नुसत्या शोभेच्या गवताला नदीचं पाणी २०२६नंतर बंद, तसा कायदाच २०२१मध्ये केलाय. उजनीखालचा ऊस ज्यांनी पाहिलाय, ते ह्यावर बराच वेळ बोलू शकतात, आणि हे बोलले.

मी ऐकून घेतलं. मग न्हाणीघरात जाऊन टब काठोकाठ भरला. आयुष्यभर "एका बादलीत आटपा" ऐकलेल्या बाईला पाणी परत करण्याचा हा कायदा फार पटला. बाहेरून हाक आली, "अगं, नळ किती वेळ चालू आहे?"

"परत जातंय हो धरणात," मी आतून म्हटलं.