भर पावसात तहानलेला वड

२०१६ च्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून वडाचा बोन्साय घरी आणला, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वडाला ताटात बसवलंस होय!" झाड जेमतेम दीड फूट, ट्रे दोन इंच खोल. आमची कोथरूडची गच्ची दिवसभर उन्हात.

मला धास्ती होती ती उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीच्या लाद्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून ट्रे विटांवर ठेवला, वर हिरवी शेडनेट बांधली. सकाळी उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी, असं दोनदा पाणी. नळीतून पहिलं पाणी चांगलं कढत येतं, ते आधी बादलीत सोडायचं, हे हाताला चटका बसल्यावर कळलं. वडाने उन्हाळा हसत काढला. हौसेने आणलेलं ज्युनिपर मात्र तपकिरी पडून गेलं. थंड हवेचं झाड पुण्याच्या मे महिन्यात आणणाऱ्याचीच चूक, झाडाची नाही.

दोन वर्षं अशी गेली, मग मी निवांत झाले. पाऊस सुरू झाला की झारी कोपऱ्यात! तिसऱ्या जुलैत आठवडाभर आपली पुणेरी रिमझिम चालू होती आणि वडाची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली. रोज सकाळी पाच-सात खाली. पाणी जास्त झालं, मुळं कुजणार, असं मी ठरवून टाकलं आणि झाड उचलून छज्जाखाली ठेवलं. तिथे तर चार दिवसांत निम्मं झाड रिकामं झालं.

शेवटी मुळं बघावीत म्हणून जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खुपसली. आत जाईना. जोर देऊन घातली, बाहेर काढली तर कोरडी ठणठणीत! आठवडाभराच्या पावसात! वडाची पानं रुंद, गुळगुळीत. रिमझिम त्यांच्यावरून ओघळून ट्रेच्या बाहेर पडत होती. जी मातीवर पडत होती तीही वरच्या कडक थरावरून कडेने निघून जायची. तीन वर्षांत ट्रे बदललेला नव्हता, आत मातीपेक्षा मुळंच जास्त. आणि मी त्याला वर आडोसा दिलेला.

अख्खा ट्रे पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुडे यायला लागले, ते चांगली दहा मिनिटं थांबेनात. मी तिथेच पाटावर बसून होते. एक फांदी गेली ती गेलीच, पण तीनेक आठवड्यांनी बाकीच्यांच्या टोकांना कोंब दिसले.

त्यानंतर काडी कायमची. पाऊस असो, ऊन असो, काडी ओलसर आली तर पाणी नाही, कोरडी आली तर भरपूर. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा तीच काडी दोन-दोन दिवस ओली येते.

पुढच्या वर्षी पहिला दमदार पाऊस झाल्यावर माती बदलली. पुस्तकात वसंतात करा म्हणतात, पण ते थंड देशांचं. आमचा वड जून-जुलैत जोर धरतो. चटईसारखी विणली गेलेली मुळं काडीनेच सोडवली, तिसरा हिस्सा कापला. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. ट्रेची भोकं मुळांनी बुजली होती, ती मोकळी करून वर जाळी टाकली. पंधरा दिवस सावली, महिनाभर खत नाही.

जोर धरतो म्हणजे किती, ते तारेने शिकवलं. फांदीला वळण द्यायला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार ऑक्टोबरात बघू म्हटलं, तर ती सालीत रुतलेली. उलगडायला गेले की साल निघायची, म्हणून तुकडे करून काढली. वळ अजून आहे.

त्याच्या पुढच्या ज्येष्ठात वटपौर्णिमेला बिल्डिंगमधल्या सहाजणी ताट घेऊन गच्चीवर. रस्त्यावरच्या वडाभोवती गाड्याच इतक्या, की फेऱ्या घालायला जागा नाही. अट घातली, सूत सैल गुंडाळा आणि दूध मुळाशी नको. सासूबाई सगळ्यात पुढे. प्रत्येकीने तांब्याभर पाणी घातलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "जास्त नाही ना होणार गं?"

"घाला," म्हटलं, "आता भोकं मोकळी आहेत."