ट्रेलरचे दिवे आणि एक कळकलेली तार

एप्रिलमध्ये बर्फ वितळला, आम्ही ट्रेलरवरचं कव्हर काढलं आणि आतले दिवे लावले. सहापैकी तीनच धड लागले. टेबलावरचा फडफडत होता, ओट्यावरचा मिणमिणत होता आणि खाटेजवळचा लागलाच नाही.

आमचा ट्रेलर २००८ सालचा, २४ फुटी. गाडीच्या मागे जोडून न्यायचा. आत झोपायची सोय, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटं न्हाणीघर. दोन वर्षांपूर्वी एका वयस्कर जोडप्याकडून घेतला. यंदा जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून मिशिगनला आमच्याकडे येणार होते. त्यांना घेऊन स्लीपिंग बेअर ड्यून्सला, सरोवराच्या काठावर चार दिवस राहायचं पक्कं झालं होतं. तिथल्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी मिळत नाही. जे काही असेल ते ट्रेलरच्या बॅटरीवर. आईचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दिवेलागणीनंतर तिला उजेड कमी पडला की ती बोलत नाही, नुसती एका जागी बसून राहते. मला तिला तसं बसवायचं नव्हतं.

आधी सोपं ते केलं, नवे बल्ब आणून घातले. दोन दिवसांनी टेबलावरचा पुन्हा फडफडायला लागला. एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर सहा आठवड्यांनी नंबर लागेल म्हणाला आणि मजुरी तासाला दीडशे डॉलर. तेव्हा ठरवलं की हे आपणच करायचं. बाबा सांगलीत वायरमन होते. आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेसहा. चहाचा कप हातात घेऊनच ते व्हिडिओ कॉलवर येत.

ट्रेलरमध्ये दोन वेगवेगळ्या विजा असतात, हे आधी समजून घ्यावं लागलं. बाहेरून वायर लावली की १२० व्होल्ट एसी येते, तिच्यावर मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट चालतात. दिवे मात्र १२ व्होल्ट डीसीवर, गाडीतल्या दिव्यांसारखे. बाहेरची वीज असली की कन्व्हर्टर नावाचा डबा तिचे साडेतेरा व्होल्ट करून देतो, नसली की बॅटरी. बाबांनी सगळ्यात आधी दोन्हीकडची वीज तोडायला लावली: बाहेरची वायर काढली आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधून ठेवली.

रंगांनीही गोंधळ केला. बाबांच्या हिशेबात लाल फेज आणि काळी न्यूट्रल. आमच्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची काळी तार पॉझिटिव्ह निघाली आणि पांढरी निगेटिव्ह. शिवाय १२० व्होल्टच्या केबलमध्येही काळी-पांढरीच जोडी असते, आणि तिथे काळी तार घातक. म्हणून रंगावर जायचं नाही, प्रत्येक तार मीटर लावून ओळखायची, हे बाबांनी तीनतीनदा सांगितलं. पुढे जुन्यांच्या जागी एलईडी दिवे लावले, त्यांना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नेमकी लागते, तिथेही हे उपयोगी पडलं.

जुन्या दिव्याचं झाकण काढलं तेव्हाच निम्मं कळलं. प्रत्येक दिव्यात दोन-दोन बल्ब, एकेक १८ वॅटचा. तेवढ्या उष्णतेने प्लॅस्टिकचं झाकण बल्बच्या बरोबर वर करपून तपकिरी झालेलं, हात लावला तर तुकडा पडला. होल्डरच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्यांची पकड गेली होती. टेबलावरचा दिवा फडफडत होता तो यानेच. खाटेजवळचंही कारण तेच.

आणि बॅटरीचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मी जुने दिवे ठेवायचा विचारच सोडून दिला. एक बल्ब १.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवा २.८, आणि सहाही दिवे लावले तर जवळजवळ १७ अँपिअर. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, साधी लेड-ॲसिड. ती निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास. तीन तासांत संपले. एलईडीचा दिवा ०.४ अँपिअर घेतो. सहाही लावून ठेवले तरी २० तास.

आता ओट्यावरचा दिवा. हाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मी फसणार होते.

बल्ब काढून, वीज पुन्हा जोडून तारांना मीटर लावला तर १३.५ व्होल्ट. चोख. मी म्हटलं, "बाबा, तार चांगलीय, दिवाच खराब आहे. बदलून टाकते." ते म्हणाले, "थांब. नुसतं व्होल्टेज बघू नकोस. बल्ब घाल, पेटू दे, आणि मग मोज." बल्ब घालून मोजलं. ८.९! साडेचार व्होल्ट मध्येच कुठेतरी खाल्ले जात होते. "जोड बघ," बाबा म्हणाले. "तार अशी मधेच खात नाही, जोड खातो."

वीज पुन्हा तोडून दिवा खाली घेतला. वर छतात प्लॅस्टिकची टोपी पिळून केलेला जोड होता. टोपी एका अंगाने करपलेली. ती काढली तर आतलं तांबं हिरवंगार. पूड बोटाला लागली. मी तार मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरली तशी मागून आईचा आवाज आला, "अगं, ही तर कळकलीय!"

अगदी तोच शब्द होता तो. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की हिरवं पडतं, ते आजीच्या घरी मी पाहिलंय. इथेही तांबंच, फक्त ताकाच्या जागी पाणी. त्या हिरव्या थरातून वीज धड जात नाही आणि जाताना तो जोड तापतो. माझ्या हिशेबाने तिथे दहाएक वॅट उष्णता होत होती, तीही प्लायवूड आणि फोमला चिकटून. फ्यूजला याचा पत्ता लागत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. त्यातच मला पेटीत १५ च्या जागी २० अँपिअरचा फ्यूज सापडला, कुणीतरी आधी घातलेला. फ्यूज तारेच्या जाडीवरून ठरतो. मोठा घातला की आधी तार तापते आणि फ्यूज तसाच राहतो. तो त्याच दिवशी बदलला.

पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. एलईडी इतका कमी करंट ओढतो की त्या कळकलेल्या जोडावरूनही तो लख्ख लागला असता. एखादाच व्होल्ट कमी झाला असता, डोळ्याला कळलंही नसतं. मी दिवे बदलून समाधानाने झाकण लावलं असतं, आणि ज्या पाण्याने तार कळकली ते पाणी वर तसंच झिरपत राहिलं असतं.

कारण पाणी आलं कुठून, हा प्रश्न उरलाच होता. दिव्याच्या भोकातून बोट घालून पाहिलं तर फोम ओलसर. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शिडी धरली आणि मी छपरावर गेले. वर रबराचा थर असतो, त्यावर प्लायवूडची फळी टाकून गुडघ्यांवर सरकायचं. ओट्याच्या बरोबर वर सांडपाण्याच्या नळाचा वायुनळ बाहेर येतो. त्याच्या बुडाशी लावलेलं सीलंट उन्हा-बर्फाने तडकलं होतं, आणि एका फटीत नख सहज गेलं. छपराचं लाकूड दाबून पाहिलं, सुदैवाने अजून कडक होतं. सुटलेलं सीलंट खरवडलं, पुसून कोरडं केलं आणि रबरी छपरासाठीचं आपोआप पसरणारं सीलंट वर घातलं. सिलिकॉन या रबरावर टिकत नाही, ते घालू नका. खालचं भोक आठवडाभर उघडं ठेवून पंखा लावला.

तार वाळल्यावर हिरवा भाग कापून टाकला. तांबं चकचकीत दिसेपर्यंत दोनदा कापावं लागलं. पुरेशी लांबी उरली नाही म्हणून बोटींमध्ये वापरतात ती कथलाचा मुलामा दिलेली तार आणून जोडली. बाबांना सांगितलं तर आई खूश: "म्हणजे तारेला कल्हई!" खरंच तेच कथील, तेच काम. जोड क्रिंप केला, म्हणजे तारांची टोकं धातूच्या नळीत घालून ती पक्कडीने दाबली, आणि वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. अशी नळी आत डिंकासारखी चिकटते, त्यामुळे पाणी शिरत नाही.

नवे दिवे लावायला मग एक दुपार पुरली. घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, १० ते ३० व्होल्टपर्यंत चालणारे. कारण चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत जाते आणि नेमक्या १२ साठी केलेले स्वस्त दिवे तिथे फडफडतात किंवा जळतात. दुसरं, ३००० केल्विनचा पिवळसर उजेड. नमुन्याला ६००० चा एक आणला होता. त्याखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते, तो परत केला. जुन्या दिव्यांच्या जागी छतावर पांढरे चौकोन उरले होते, ते झाकले जातील एवढे मोठे नवे दिवे निवडले. छताची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची, जुनी भोकं सैल झालेली. नवी भोकं पाडून स्क्रू हातानेच आवळले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो. पहिल्याच रात्री पाऊस आला, चांगला दोन तास. आई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती, दिव्याखाली एकेक पान उलटून. बाबा खाटेवर. पाऊस थांबल्यावर मी स्टुलावर चढले आणि दिव्याभोवतीच्या छतावर तळवा फिरवला. कोरडं. बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, "जोड तापलाय का?" दिव्याच्या कडेला हात लावून सांगितलं, "नाही बाबा, गार आहे."

सकाळी सगळे उठायच्या आधी बॅटरीला मीटर लावला. १२.५ व्होल्ट. अजून बरीच भरलेली.