तळहातावरचे डाग

आज रिपोर्ट आणला. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या लैंगिक आजाराची रक्ततपासणी, १:८. ऑगस्टमध्ये हाच आकडा १:६४ होता. चौसष्टावरून आठवर उतरला, म्हणजे इंजेक्शन लागू पडलंय. बसस्टॉपवर उभा राहून तीनदा वाचला कागद.

सुरुवात मे महिन्यात झाली, तळहातावर आणि तळपायावर तांबूस डाग, खाज नाही, दुखणं नाही. जवळच्या स्किनवाल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी विचारलं लग्न झालंय का, मी म्हटलं नाही, आणि विषय तिथेच संपला. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या. तीन-चार आठवड्यांत डाग गेले आणि मला वाटलं गोळ्यांनीच गेले. खरं तर सिफिलिसचे डाग औषध न घेताही जातात, आजार मात्र आत तसाच राहतो. त्याच्याही आधी येणारी पहिली जखम दुखत नाही, ती तोंडात किंवा गुदद्वारात असेल तर बऱ्याचदा दिसतही नाही. मला कधी आणि कुठे झाली होती देव जाणे.

त्या डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही याचा राग आहेच, पण मीही सांगितलं नाही हे जास्त सलतं.

ऑगस्टमध्ये एचआयव्हीची नेहमीची टेस्ट करायला सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात गेलो. काउन्सेलर मॅडमनी फॉर्म भरता भरता विचारलं, "संबंध बायकांशी, पुरुषांशी, की दोघांशी?" जेवण झालं का विचारावं इतक्या साध्या आवाजात. मी पुरुषांशी म्हटलं, त्यांनी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकंच. ३४ वर्षांत पहिल्यांदा कुणा अनोळखी माणसासमोर हे बोललो आणि काहीच कोसळलं नाही. एचआयव्ही निगेटिव्ह आली, सिफिलिस निघाला. मी म्हटलं, मॅडम मी कंडोम वापरतो. त्या म्हणाल्या, तोंडाने करतानाही? मी गप्प. मग त्यांनी सांगितलं की तेवढ्यानेही होतो, आणि प्रेपची रोजची गोळी एचआयव्ही अडवते, सिफिलिस किंवा गनोरिया नाही.

पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं अर्धं. दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. त्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोही सकाळपर्यंत उतरला.

पण सगळ्यात अवघड गोष्ट, ज्याच्याशी माझे संबंध होते त्याला फोन करणं ही होती. त्याचं लग्न झालंय. सांगितलं तर कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मग म्हणाला, "अरे, आता हिला काय सांगू?" मी म्हटलं काय सांगायचं ते तू ठरव पण दोघांची टेस्ट कर, उद्याच कर, तुम्ही बाळाचा विचार करताय ना? पोटातल्या बाळाला आईकडून सिफिलिस होऊ शकतो, गर्भ जाऊही शकतो. हे बोलताना माझाच आवाज कापत होता. तिला मी कधी भेटलो नाही, पण तेव्हापासून रोज एकदा तरी तिचा विचार येतो मनात.

तो पॉझिटिव्ह निघाला. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तरी संपर्क ताजा म्हणून डॉक्टरांनी तिलाही इंजेक्शन दिलं. तिला नक्की काय सांगितलं ते त्याने मला सांगितलं नाही.

आज त्याला माझ्या रिपोर्टचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिक आल्यात, म्हणजे त्याने पाहिलाय. रात्री फोन करीन.